बंद खाणीच्या भुयारात दोघांनी जावे का?

प्रश्न : वेंगुर्ले तालुक्यातील आमच्या गावाजवळ लोहखनिजाची एक जुनी खाण बरीच वर्षे बंद पडलेली आहे. तिच्या उतारावर किंचित वाकून चालता येईल असे एक आडवे भुयार असून, ते थेट यशवंतगडापर्यंत जाते असे जुनी माणसे सांगतात. माझा मित्र दिवाळीच्या सुट्टीत साठ-सत्तर पावले आत जाऊन सुखरूप परत आला. आता दोर आणि दोन विजेऱ्या घेऊन आम्ही दोघे शेवटापर्यंत जाणार आहोत. दोघे असल्यावर धोका निम्मा होतो, असे मित्राचे म्हणणे आहे. आपले मत काय?
— एक महाविद्यालयीन वाचक

उत्तर : जाऊ नका. भुयारात दोघे असल्याने धोका निम्मा होत नाही, उलट दुणावतो. विहीर उपसायला उतरलेला माणूस तळाशी कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही वर येत नाही, अशा बातम्या तुम्ही वाचल्या असतील. तिथे माणसे मरतात ती हवेमुळे, आणि बंद खाणीतही पहिली भीती हवेचीच असते.

मोकळ्या हवेत सुमारे 21 टक्के ऑक्सिजन असतो. खाणीच्या नियमांनुसार तो 19 टक्क्यांखाली गेला, तर त्या जागी कामगाराला ठेवता येत नाही. चालू खाणीत हवा खेळती ठेवण्याची सोय असते. बंद भुयारात मात्र आधाराला लावलेली लाकडे कुजताना आणि काही खनिजे गंजताना ऑक्सिजन हळूहळू खर्ची पडतो, आणि कुजण्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड साध्या हवेच्या दीडपट जड असल्याने सखल भागात साचून राहतो. या हवेला अनेकदा वासही नसतो. पूर्वी विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून पाहत, कारण हवा वाईट असली की ज्योत विझे. तुमची विजेरी मात्र ऑक्सिजन असो वा नसो, सारखाच उजेड देत राहील, आणि त्या लख्ख उजेडातच तुमचे गुडघे अचानक लटके पडतील. (कंदील नेला म्हणजे झाले, असेही समजू नका, ज्योत विझेपर्यंत माणसाची विचारशक्ती मंदावलेली असू शकते.)

मित्र परत आला यावरूनही काही ठरत नाही. बाहेरच्या हवेचा दाब चढला की ताजी हवा भुयारात शिरते आणि दाब उतरला की खोलवर साचलेली हवा तोंडाकडे सरकते. म्हणून दिवाळीतल्या कोरड्या दिवशी जिथे श्वास घेता आला, तिथेच ढगाळ दिवशी तो घेता येईल याची खात्री नाही.

छताचीही तीच गत. आपला जांभा सच्छिद्र असल्याने पावसाचे पाणी त्यात मुरते आणि मुरलेले पाणी खडकातल्या भेगा सैल करीत राहते. अनुभवी खाणकामगार पहारीने छत ठोकून पाहतात. खणखणीत आवाज आला तर खडक एकसंध, बद्द आवाज आला तर वरचा थर सुटलेला. हा कान दोन सुट्ट्यांत तयार होत नाही.

राहिला यशवंतगड. कोकणात बहुतेक प्रत्येक भुयार कुठल्या ना कुठल्या गडापर्यंत जाते, निदान पारावर तरी. खाणीचे आडवे भुयार खनिजाचा माग काढण्यासाठी खोदतात, आणि खनिज किंवा पैसा संपला की खोदकाम थांबते. तेव्हा तुम्हाला शेवटी दिसली असती ती बहुधा पहारीच्या खुणा असलेली एक कोरी भिंत.

खाणच पाहायची असेल, तर ओरोसच्या जिल्हा खनिकर्म कार्यालयात अर्ज करून खाणपट्टा कोणाकडे आहे याची चौकशी करा आणि परवानगी मिळाल्यास जाणत्या माणसाबरोबर उघड्या भागात फिरा. पाणी साचलेल्या खड्ड्यात उतरू नका, कारण काठापासून एका पावलावर दोन पुरुष खोली असू शकते. सुटे चिरे हाताने उलटू नका; फुरशांना त्यांच्याखालची जागा फार आवडते. भुयाराचे तोंड उघडे असल्याचे मात्र त्याच अर्जात लिहा, म्हणजे ते बुजवून घेता येईल.