एक्का समोर असताना इन्शुरन्स घ्यावा का?

प्रश्न : गोव्याच्या कॅसिनोत ब्लॅकजॅक खेळताना मी हाय-लो पद्धतीने (दोन ते सहाला +१, दहाच्या पानांना आणि एक्क्याला −१) पानं मोजतो. मला ब्लॅकजॅक (एक्का आणि दहाच्या किमतीचं पान) लागलं आणि डीलरचं उघडं पान एक्का असेल, तर इव्हन मनी (झाकलेलं पान न बघता बेटएवढाच फायदा) घेऊन मोकळं व्हावं का? केळीचा विमा आम्ही दरवर्षी उतरवतो, मग इथेही तोच हिशेब नको का? भांडवल २ लाख, बेट २,००० रुपये.
— एक वाचक, रावेर

उत्तर : हिशेब तोच लावा, पण आकडे घालून लावा. इन्शुरन्स म्हणजे डीलरचं झाकलेलं पान दहाच्या किमतीचं निघेल यावर अर्ध्या बेटएवढी वेगळी पैज, लागली तर दुप्पट मिळते; ब्लॅकजॅकवर ती घेतली की होतं तेच इव्हन मनी. ते घेतलं तर २,००० रुपये नक्की. नाही घेतलं तर डीलरचं झाकलेलं पान दश्शी, गुलाम, राणी किंवा राजा निघाल्यास बरोबरी, म्हणजे शून्य, एरवी ३,०००. काउंट (मोजणीची बेरीज) शून्याच्या आसपास असताना तेरात चार पानं दहाच्या किमतीची, म्हणून सरासरी ३,००० × ९/१३, म्हणजे २,०७७ रुपये. नक्कीपणासाठी तुम्ही ७७ रुपये मोजताय.

त्या नक्कीपणाची तुमच्यापुरती किंमत किती? केली पद्धतीत (भांडवलाच्या प्रमाणात बेट ठरवण्याची रीत) व्हेरियन्सला, म्हणजे निकालांच्या चढउताराच्या मापाला, भांडवलाच्या दुपटीने भागतात. इथे व्हेरियन्स सुमारे १९,१७,०००. भागिले ४,००,०००, उत्तर ४.८ रुपये. सावधपणे अर्ध्या केलीने, म्हणजे केली सांगेल त्याच्या निम्म्या बेटने, खेळत असाल तर ९.६. दहा रुपयांची वस्तू ७७ला घेऊ नये. १०,००० च्या बेटवर ही किंमत पंचवीसपट होते (रक्कम वर्गात जाते ना), तरी अर्ध्या केलीने २४० भरते आणि सोडावे लागतात ३८५.

केळीचं गणित म्हणूनच वेगळं. जूनच्या वादळाने बाग आडवी झाली की वर्षाचं उत्पन्न एका दिवसात जातं. तिथे हप्ता सरासरीने तोट्याचा असला तरी भरावा. टेबलावर पणाला लागतो भांडवलाचा शंभरावा भाग.

इन्शुरन्स घ्यायचा तो ट्रू काउंट (मोजणीची बेरीज भागिले उरलेले कॅट) +३ झाल्यावर. तेव्हा उरलेल्या पानांत एक तृतीयांशाहून जास्त पानं दहाची असतात. ब्लॅकजॅक किंवा वीस हातात असेल तर केसभर आधी, पंधरा-सोळा असेल तर जरा उशिरा. कारण सोळावर झाकलेलं पान दहाचं नसलं, तर इन्शुरन्स जातोच आणि मूळ बेटही बहुधा जाते. मात्र +४ ला सोळावरही घ्या. पुष्कळ जण ‘चांगला डाव वाचवू’ म्हणून शून्य काउंटला घेतात आणि +४ ला वाईट डाव बघून सोडतात. दोन्ही चूक.

काउंट भागताना उरलेल्या कॅटांनी भागा, वापरून झालेल्यांनी नव्हे. रनिंग काउंट (न भागलेली बेरीज) +९ असताना ३ कॅट उरले तर +३. ५ उरले तर १.८, इन्शुरन्स नाही.

हे सगळं ब्लॅकजॅकला ३:२, म्हणजे दोन रुपयांच्या बेटवर तीन, देणाऱ्या टेबलासाठी. ६:५ च्या टेबलावर बसूच नका, कॅसिनोचा फायदा जवळपास १.४ टक्क्यांनी वाढतो. पानं सतत पिसणारं यंत्र असेल तर मोजणीचा उपयोगच नाही.

प्रश्न : हिशेबाने माझा ताशी सरासरी फायदा ५०० रुपये आणि प्रमाण विचलन (निकाल सरासरीपासून साधारण किती हलतो ते) १०,००० येतं. ५० तासांत ६०,००० गेले. मोजणी चुकते का? आणि ट्रू काउंट +५ ला दहा-दहाची जोडी डीलरच्या सहावर फोडून दोन डाव करू का?
— एक वाचक, शिरपूर

उत्तर : एवढ्यावरून मोजणी चुकते असं म्हणता येत नाही. ५० तासांत अपेक्षित फायदा २५,०००, पण विचलन सुमारे ७१,०००. बिनचूक खेळणाऱ्यालाही एवढा किंवा याहून मोठा तोटा साधारण नऊत एकदा होतो. सरासरी फायदा आणि विचलन ४०० तासांनी सारखे होतात, दोन्ही २ लाख. तेव्हाही सहात एक जण तोट्यातच असतो.

जोडी फोडू नका. +५ ला सरासरीत मिळणारी वाढ किरकोळ. पण जवळजवळ जिंकलेल्या एका बेटच्या जागी दोन अनिश्चित बेट येतात, दोन्ही डीलरच्या एकाच पानावर टांगलेल्या. शिवाय विसाची जोडी फोडणारा कॅसिनोच्या नजरेत लगेच भरतो.

भांडवल बुडण्याची शक्यता २ लाखांवर १३.५ टक्के, ४ लाखांवर १.८. पैसे न वाढवता बेट निम्म्या केल्या तरी हाच १.८ येतो, फक्त ताशी फायदा २५० उरतो. शिरपूरहून गोव्याला जाण्या-येण्याचा आणि राहण्याचा खर्च त्यातूनच वजा करायचा आहे, तो धरून पुन्हा आकडेमोड करा.