वाचक विचारतात: रद्दीत सापडलेली अँजेला

प्रश्न: लक्ष्मीपुरीत रद्दीच्या गठ्ठ्यात एक पोस्टर मिळालं. भरघोस गोल केसांच्या कृष्णवर्णीय तरुणीचा चेहरा, खाली इंग्रजीत ‘फ्री अँजेला’. कागद पिवळा पडलाय, मधोमध घडी आहे. एक स्नेही म्हणाले, ही ब्लॅक पँथरची पुढारी. पोस्टर खरंच जुनं असेल का? फ्रेमवाला लॅमिनेशन करून एमडीएफवर चिकटवू म्हणतोय. करू का? (एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर)

उत्तर: फ्रेमवाल्याला आधी थांबवा. गरम लॅमिनेशनचा गोंद कागदाच्या धाग्यांत उतरला की पुन्हा निघत नाही. एमडीएफचं, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीचं, आम्ल वर्षानुवर्षं कागदात झिरपत राहतं, ते वेगळंच.

आता बाई कोण ते. अँजेला डेव्हिस, जन्म १९४४, बर्मिंगहॅम, अलाबामा. पँथरांशी, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर पक्षाशी, त्यांचा जवळचा संबंध होता, पण त्या मुख्यतः अमेरिकन कम्युनिस्ट पक्षाच्या. त्याच सदस्यत्वावरून १९६९ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातली त्यांची तत्त्वज्ञानाची नोकरी गेली. आपल्याकडे १९७२ साली दलित पँथरनं नाव तिथूनच उचललं, त्यामुळे पँथर म्हटलं की अँजेला आठवतात. तुमच्या स्नेह्यांची गफलत समजण्यासारखी आहे.

७ ऑगस्ट १९७० ला मरीन काउंटीच्या न्यायालयात कैद्यांना सोडवण्याच्या प्रयत्नात न्यायाधीशांसह चारजण मेले. त्यातल्या बंदुका डेव्हिस यांच्या नावावर होत्या. खून, अपहरण आणि कटाचे आरोप लागले, एफबीआयच्या ‘मोस्ट वाँटेड’ यादीत नाव गेलं. १३ ऑक्टोबर १९७० ला न्यूयॉर्कमध्ये अटक, फेब्रुवारी १९७२ मध्ये जामीन, आणि ४ जून १९७२ ला सगळ्या गोऱ्या ज्युरीनं निर्दोष सोडलं. ‘फ्री अँजेला’ ही मागणी या वीसेक महिन्यांची. मूळ पोस्टर असेल तर ते याच काळातलं. त्यानंतरची पुनर्मुद्रणं मात्र आजही निघतात.

गुजरीत सोनारी भिंग मिळतं, दहापटीचं घ्या. केसांची कड बघा. ठिपके विरळ होत होत संपत असतील तर ऑफसेट. शाईचा सलग थर, कडेला जाळीचे बारीक दाते, बॅटरी आडवी धरली की थराची पायरी दिसते, ते स्क्रीन प्रिंटिंग, म्हणजे जाळीतून शाई दाबून केलेली छपाई. ठिपके वाळू फेकल्यासारखे विखुरलेले असतील तर इंकजेट, म्हणजे अलीकडची नक्कल. मग घडी बघा. खऱ्या घडीवर शाई तडकून आतले पांढरे धागे दिसतात. स्कॅनवरून काढलेल्या प्रतीत ती तडकसुद्धा छापून येते; बोट फिरवलं तर कागद सपाट!

पिवळेपणावर मात्र फार विसंबू नका. चहाचं पाणी मारलेला कागद सगळीकडे सारखाच पिवळा दिसतो. खरा जुना कागद आधी कडांना आणि घडीला तपकिरी होतो. नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली कागद निळसर चमकला तर शंका घ्या, निकाल देऊ नका. कागद उजळवणारी रसायनं १९७० मध्येही वापरात होती. खालच्या कडेला छापखान्याच्या कामगार संघटनेचं इवलंसं चिन्ह असेल तर छपाई अमेरिकेतली असण्याचा संभव मोठा. १९७१ मध्ये क्युबात फेलिक्स बेल्त्रान यांनीही अँजेलांचं पोस्टर केलं होतं, पण त्यावरची ओळ स्पॅनिश आहे.

घडी सपाट करायची तर दिवाळीनंतर. कोल्हापूरच्या पावसाळ्यात टिपकागद वाळत नाहीत आणि बुरशी धरते. आधी कोपऱ्यावर ओलसर इअरबड टेकवा. रंग उतरला तर काम तिथंच सोडा. नाही उतरला तर झाकणाच्या ट्रेमध्ये तळाला ओला टिपकागद, वर प्लास्टिकची जाळी, जाळीवर पोस्टर. अर्धा-पाऊण तास. मग छापील बाजूला बेकिंग पेपर, दोन्हीकडून कोरे टिपकागद, वर काच आणि चार-पाच किलो वजन. पहिल्या तासानं टिपकागद बदला, पुढे तीन-चार दिवस रोज. बेकिंग पेपर विसरलात तर जाड शाई टिपकागदाला चिकटते.

चिकटवायचं ते फक्त वरच्या दोन ठिकाणी, आम्लविरहित माउंटबोर्डवर, जपानी टिश्यूच्या पट्ट्यांनी. खळ गव्हाच्या सत्त्वाची करा, मैद्याची नको. मैद्यातल्या प्रथिनांवर कसर येते. एक भाग सत्त्व, पाच भाग पाणी, मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळा. बाइंडर कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. इथे अजिबात नको, तांब्यानं कागद ठिसूळ होतो. काच आणि पोस्टर यांत चार मिलिमीटर अंतर ठेवा. पावसाचा मारा बसणाऱ्या भिंतीवर टांगू नका.

प्रश्न: माझ्याकडचं जुनं पोस्टर फ्रेमच्या काचेला चिकटलंय. पाणी मारून काढू का? (एक वाचक, कागल)

उत्तर: नको, ओढूही नका. शाई काचेवर राहील आणि कागद हातात येईल. काचेसकट बाहेर काढा, काचेवरूनच चांगला फोटो घ्या आणि आडवं, कोरड्या जागी ठेवा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलासंवर्धन केंद्र आहे, तिथे विचारा. नेताना काच खालच्या बाजूला हवी.