मानस बघायला लंडनला?

प्रश्न : माई, माझे दीर स्विंडनला असतात. मे महिन्यात आम्ही दोघं, सात आणि अकरा वर्षांच्या मुलांना घेऊन, त्यांच्याकडे जाणार. लंडनला मिळून दोनच दिवस. त्यातला अर्धा दिवस दीर थेम्स बॅरियर, म्हणजे थेम्स नदीतली पूर अडवणारी दारं, दाखवायचा म्हणतात. आमचे हे म्हणतात, "मानस बघायला लंडनला कशाला? आपल्या खाजनात कमी आहेत?" (मानस म्हणजे बांधातलं, भरतीचं पाणी अडवणारं दार; खाजन म्हणजे बांध घालून राखलेली खाडीकाठची शेतजमीन.) काय करू?
— एक वाचक, दिवाडी बेट, गोवा

उत्तर : बाय, यजमानांचं अर्धं खरं आहे. ती मानसच, फक्त 520 मीटरची. तरी जा. पण आम्ही गेलो तशी जाऊ नकोस.

आम्ही पाँटून डॉकला उतरलो. बाग सुरेख, समोर नदीत चकचकीत पत्र्याचे टोप घातलेले खांब, आणि माहिती केंद्र पलीकडच्या काठावर! तिथे पूल नाही. शेवटी वूलिचच्या फेरीबोटीने गेलो. फुकट, तुमच्या दिवाडीसारखीच. नातवाला दिवसभरात सगळ्यांत आवडली ती फेरीबोट. तू आपली दक्षिण काठावरच्या चार्ल्टन स्टेशनला उतर.

दुसरी चूक त्याहून मोठी. एरवी दारं नदीच्या तळाशी आडवी पडलेली असतात, वरून जहाजं जातात. "आजी, दार कुठाय?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. महिन्यातून एकदा चाचणीसाठी दारं उचलतात, त्या तारखा आधी जाहीर होतात. दिरांना तो दिवस गाठायला सांग, केंद्र कधी उघडं असतं तेही बघू दे.

केंद्रातल्या चालत्या नमुन्यापाशी मात्र मुलं रमली. एकेक मोठं दार 61 मीटर लांब, तीन हजार टनांवर वजन, आणि ते गोल फिरून वर येतं. ही युक्ती चार्ल्स ड्रेपर यांना घरच्या गॅसच्या तोटीवरून सुचली म्हणतात.

हे सगळं कशापायी, ते मुलांना आधीच सांगून ठेव. 31 जानेवारी 1953 च्या रात्री वादळाने उत्तर समुद्राचं पाणी फुगलं, त्यात उधाणाची भरती. इंग्लंडात 307 माणसं गेली. मग लंडनसाठी ही दारं झाली, 1982 पासून चालू आहेत.

निघण्यापूर्वी एकदा दोघांना भरती चढताना तुमच्या मानशीवर उभं कर. पाण्याच्या रेट्याने फळी आपोआप मिटते, ओहोटीला आपोआप उघडते. माणूस लागत नाही. लंडनला वादळाचा अंदाज बघून माणसं ठरवतात आणि ओहोटी सरताच दारं लावतात, म्हणजे वरून येणाऱ्या नदीला आत साठायला जागा उरते. आपली पोंय, मानशीच्या आतलं तळं, पावसाचं पाणी धरते ना, तसंच. हे यजमानांनाही सांग, येतील मुकाट.

आणि मे असला तरी मुलांची स्वेटरं ने. त्या काठावर वारा भारी बोचतो.