मालवाहू ट्रकचे डिझेल इंजिन पूर्वीइतके भरवशाचे राहिलेले नाही का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: जुन्या ट्रकची डिझेल इंजिने वर्षानुवर्षे न खोलता चालत, नवे ट्रक मात्र डॅशबोर्डवरचा कुठला तरी दिवा लागला म्हणून गॅरेजमध्ये येऊन उभे राहतात, तेव्हा डिझेल इंजिनाचा भरवसा खरोखरच कमी झाला आहे का, आणि क्रेन बसवलेला वापरलेला ट्रक घ्यायचा असेल तर तो जुन्या यांत्रिक पंपाचा घ्यावा की कॉमन रेलचा, म्हणजे एका सामाईक नळीत मोठ्या दाबाने डिझेल साठवून संगणकाच्या हुकुमाने ते फवारणाऱ्या इंजिनाचा? मी गेली २२ वर्षे मालवाहू ट्रक, टिपर आणि क्रेनच्या गाड्या यांच्या इंजिनांची देखभाल करतो. माझे मत आधीच सांगून टाकतो. इंजिन कमकुवत झालेले नाही, पण आपल्याला कोणत्या कामाला जुंपले जात आहे याबाबत ते पूर्वीपेक्षा पुष्कळ चोखंदळ झाले आहे.

इंजिनाचे आयुष्य ही एक गोष्ट आणि ऐन कामात ते बंद न पडणे ही दुसरी. या दोहोंची गल्लत झाल्यामुळेच हा वाद वाढतो. आयुष्य मोजण्यासाठी उत्पादक बी-१० आणि बी-५० अशा संज्ञा वापरतात. एकाच प्रकारच्या इंजिनांपैकी १० टक्के इंजिने ज्या अंतरापर्यंत मोठ्या दुरुस्तीला आलेली असतील ते अंतर म्हणजे बी-१०, आणि निम्मी आलेली असतील ते बी-५०. लांब पल्ल्याच्या अवजड ट्रकांच्या आधुनिक इंजिनांसाठी बी-५० चा आकडा १६ लाख किलोमीटरच्या घरात सांगितला जातो. तो अशक्य वाटत असला तरी त्यामागे कारण आहे. हवा १६ ते १८ पट दाबण्याचा भार सोसायचा म्हणून या इंजिनाचा ब्लॉक, क्रँकशाफ्ट आणि बेअरिंगे मुळातच दणकट असतात, भरल्या गाडीतही त्याचे फेरे मिनिटाला २,००० च्या पुढे क्वचितच जातात, आणि सिलिंडरच्या आतल्या नळ्या, म्हणजे लायनर, झिजले तर ते काढून नवे बसवता येतात. मात्र हा आकडा सरळ रस्त्यावर, गरम इंजिनाने, एका लयीत धावणाऱ्या गाडीचा आहे. क्रेनच्या ट्रकने त्याच्यावर विसंबू नये.

जुन्या इंजिनांची आठवण काढताना आपण टिकून राहिलेलीच मोजतो. भंगारात गेलेली कोणी मोजत नाही. कमिन्सचे १९८० च्या दशकात आलेले ५.९ लिटरचे, सहा सिलिंडरचे बी-मालिकेतील इंजिन अविनाशी म्हणून नावाजले गेले. परंतु त्याच्याही टायमिंग गियरच्या घरातली एक लहानशी डॉवेल पिन कंपनांनी सैल होऊन गियरमध्ये पडू शकत असे, आणि जाणकार लोक ती पडण्याची वाट न पाहता तिच्यावर पत्र्याची पट्टी बसवून घेत. जुन्या इंजिनाचा खरा गुण निराळा होता. त्याचे दुखणे सांगून येई. डिझेल फवारणारी नोझल बिघडली की काळा धूर, पिस्टनच्या रिंगा गेल्या की निळा धूर, पंप झिजला की चढावर ताकद कमी; आणि हे सगळे सोसतही गाडी कामावरून घरी येत असे. आजच्या इंजिनाचा संगणक मात्र एखाद्या सेन्सरचे माप पटले नाही की स्वतःहून ताकद कमी करतो. इंजिन आतून धडधाकट असते आणि तरीही ट्रक रस्त्याच्या कडेला उभा असतो. मालकाच्या दृष्टीने तो बंदच पडला, आणि त्याचा राग मला समजतो.

इंधनाच्या बाजूला काय बदलले ते आधी पाहू. जुनी नोझल २०० ते २५० बारच्या दाबाला उघडत असे. कॉमन रेलमध्ये दाब १,६०० पासून २,५०० बारपर्यंत असतो, आणि इंजेक्टरच्या आतील सरकत्या भागांमधली फट दोन-तीन मायक्रॉनची असते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज करावा. जुना पंप थोडेसे पाणी किंवा कचरा गिळून काही दिवस कुरकुरत चालत असे. नव्या इंजेक्टरला निकामी करायला तेवढेच पाणी पुरते. त्यामुळे डिझेलच्या पहिल्या फिल्टरखालचा पाण्याचा नळ रोज सकाळी, गाडी चालू करण्यापूर्वी, सोडून पाहणे हे दोन मिनिटांचे काम टाळण्यासारखे राहिलेले नाही. टाकी रात्रभर अर्धी रिकामी ठेवली की आतल्या हवेतील बाष्प तिच्या भिंतींवर जमते आणि तळाशी उतरते. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे सूक्ष्मजीव वाढतात, आणि मग फिल्टरमधून काळा, बुळबुळीत गाळ निघतो. म्हणून टाकी संध्याकाळीच भरावी.

धूर बाहेर पडण्याच्या बाजूला बदल याहून मोठा आहे, आणि आपल्या कामाचा संबंध तिथेच येतो. काजळी अडवणारा डीपीएफ हा फिल्टर स्वतःला अधूनमधून जाळून स्वच्छ करतो. त्यासाठी आतले तापमान ६०० अंश सेल्सियसच्या आसपास न्यावे लागते. युरियाच्या द्रावणाने नायट्रोजनची ऑक्साइडे कमी करणाऱ्या यंत्रणेलाही साधारण २०० अंशांहून अधिक ऊब लागते. त्याखाली फवारा केला तर नळीत युरियाचे पांढरे खडे जमू लागतात. आता क्रेनचा ट्रक डोळ्यांसमोर आणा. तो कामाच्या जागी पोहोचतो, पीटीओ, म्हणजे इंजिनाची ताकद क्रेनकडे वळवणारा जोड, लावला जातो आणि मग तासन् तास इंजिन नुसते गुरगुरत राहते. त्या अवस्थेत धुराचे तापमान बहुतेक वेळा १५० अंशांच्या खालीच घुटमळते. काजळी जमत जाते, जळत नाही.

असा एक ट्रक माझ्याकडे आला होता. उंचावर माणूस नेणारा पाळणा त्याच्यावर बसवलेला होता, किलोमीटरचा काटा जेमतेम ९० हजारांवर होता आणि मालकाची तक्रार होती की इतक्या कमी वापरात गाडी ताकद का सोडते. मी डिपस्टिक ओढली, तर ऑइल वरच्या खुणेच्याही दोन बोटे वर होते. बोटाला घेतले तर ते पाण्यासारखे पातळ लागले आणि त्याला डिझेलचा उग्र वास येत होता. फिल्टर जाळण्यासाठी संगणक सिलिंडरमध्ये जादा डिझेल सोडत होता, चालक दर वेळी मध्येच इंजिन बंद करत होता, आणि न जळलेले डिझेल रिंगांवरून उतरून ऑइलमध्ये मिसळत होते. ऑइल कमी झाले तर सगळे घाबरतात, पण वाढलेले पाहून मात्र खूश होतात. इंजिनाच्या तासांची नोंद काढली तेव्हा ती ९,००० तासांची निघाली, म्हणजे सरासरी वेग ताशी १० किलोमीटर. हेच इंजिन ताशी ६० च्या सरासरीने धावले असते तर काट्यावर ५ लाख ४० हजार दिसले असते. मालक ९० हजार किलोमीटरचे इंजिन समजून किलोमीटरवर ऑइल बदलत होता आणि बेअरिंगे ९,००० तासांचा हिशोब मांडून बसली होती.

म्हणून ज्या ट्रकचे काम उभ्याने चालते त्याची देखभाल तासांवर ठरवावी. पीटीओ चालू असताना इंजिन अगदी किमान फेऱ्यांवर न ठेवता, उत्पादकाने दिलेल्या मर्यादेत १,००० ते १,२०० वर ठेवले तर बरे पडते. आठवड्यातून एकदा गाडी वजन घालून तासभर सलग पळवावी, आणि फिल्टर जाळण्याची क्रिया सुरू झाली असेल तर ती पूर्ण होऊ द्यावी. काजळी जळते, पण ऑइलमधील क्षारांची राख जळत नाही; ती फिल्टरमध्येच साठते. यासाठी डीपीएफच्या इंजिनांना कमी राखेचे ऑइल लागते, आणि सांगितलेल्या दर्जाऐवजी कोणतेही चांगले ऑइल घातले तरी चालेल हा जुना हिशोब इथे महागात पडतो.

इथवर नव्याचे दुखणे झाले. आता ज्याने जुने काय आणि नवे काय, दोन्ही इंजिने मरतात त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण ते आहे धूळ, आणि बांधकामाच्या जागी तिला तोटा नसतो. माझ्याकडे अकाली झिजलेली जितकी इंजिने आली त्यांतली बरीच एअर फिल्टर न बदलल्याने नव्हे, तर तो फार वेळा काढून हवा मारून साफ केल्यामुळे झिजली होती. कॉम्प्रेसरची नळी जवळून धरली की कागदाच्या घड्यांना डोळ्यांना न दिसणारी भोके पडतात, आणि फिल्टर वारंवार काढून घातल्याने त्याच्या कडेचा रबर नीट बसत नाही. फिल्टर घाणीने किती आवळला आहे हे दाखवणारा दर्शक बहुतेक ट्रकवर असतो. तो सांगेपर्यंत फिल्टरच्या घराचे झाकण उघडूच नये. मी आलेल्या प्रत्येक गाडीत फिल्टर आणि इंजिनात हवा दाबून भरणारा टर्बो यांमधील रबरी नळी सोडून आतून बोट फिरवतो. बोट कोरडे आणि स्वच्छ निघाले पाहिजे. पावडरीसारखी भुरी बोटाला लागली, किंवा जोडाच्या खाली धुळीची बारीक रेघ दिसली, तर त्या इंजिनाच्या रिंगांविषयी मी पुढे काही विचारत नाही. त्या भुरीत वाळूचे कण असतात आणि ते रिंगा व लायनर यांच्यामध्ये सँडपेपरसारखे काम करतात.

कूलंटविषयी, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रावणाविषयी, एकच गोष्ट, कारण ती फारशी कोणी सांगत नाही. ओल्या लायनरच्या, म्हणजे ज्याच्या लायनरला बाहेरून थेट कूलंट लागते अशा, इंजिनात प्रत्येक स्फोटाबरोबर लायनर सूक्ष्म थरथरतो, त्याच्या बाहेरच्या अंगाला बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि ते फुटताना लोखंडाचे कण उपटून नेतात. साधे पाणी घातलेल्या इंजिनाचा लायनर काढला की त्याच्या एका बाजूला सुईने टोचल्यासारखी भोके दिसतात, आणि एखादे आरपार गेले की पाणी ऑइलमध्ये येते. योग्य कूलंटमधील रसायने लायनरवर पातळ थर धरून हे रोखतात. ती कालांतराने संपतात, म्हणून रंग चांगला दिसतो यावर समाधान मानू नये.

चालकाच्या हातात दोन गोष्टी असतात. वरच्या गियरमध्ये, कमी फेऱ्यांवर, इंजिन धक्के देईपर्यंत चढ ओढला तर सिलिंडरमधला दाब मोठा असतो आणि बेअरिंगमधला ऑइलचा थर पातळ. उतारावर चुकून फार खालचा गियर टाकला तर गव्हर्नर डिझेल तोडतो खरा, पण चाके इंजिनाला फिरवतच राहतात, आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटायला तेवढे पुरते. टर्बोसाठी थांबण्यापूर्वी दोन-तीन मिनिटे इंजिन हलके चालू ठेवावे. अर्धा तास ठेवण्याची गरज नाही.

आता निवडीविषयी. ट्रकचे काम जवळपासचे, बरेचसे उभ्याने होणारे असेल, आणि आपल्याकडच्या नियमांनुसार जुनी गाडी चालवता येत असेल, तर चांगल्या स्थितीतील यांत्रिक पंपाचा ट्रक मी सुचवीन. धूर आणि डिझेलचा खर्च जास्त राहील हे धरून. गाडी रोज शंभर-दीडशे किलोमीटर वजन घेऊन धावणार असेल तर कॉमन रेलच्या ट्रकला नाही म्हणण्याचे कारण दिसत नाही. डीपीएफ काढून टाकलेला ट्रक स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. अनेक ठिकाणी ते बेकायदेशीर आहेच, शिवाय ज्याने तो काढला त्याने संगणकात आणखी काय बदलले हे कळायला मार्ग नसतो.

गाडी पाहायला सकाळी लवकर जावे आणि इंजिन आधी चालू करू नका असे आदल्या दिवशीच बजावून ठेवावे. पोहोचल्यावर बॉनेटला, किंवा केबिन कलंडवून रॉकर कव्हरला हात लावावा. ते कोमट लागले तर थंड इंजिन का लपवले असा प्रश्न उरतो. इंजिन चालू झाल्यावर ऑइल भरायचे झाकण सैल करून नुसते ठेवावे. ते थरथरले तर हरकत नाही, पण भपक्याने उडू लागले तर सिलिंडरमधला वायू रिंगांवरून खाली येत आहे. तासांची नोंद, आणि डीपीएफ शेवटच्या काही वेळा किती अंतराने जाळला गेला याची नोंद स्कॅनरवर काढून घ्यावी. शेवटी इंजिन गरम असताना ऑइलचा नमुना घेऊन प्रयोगशाळेत पाठवावा. त्यात लोखंडाबरोबर सिलिकॉन वाढलेले असेल तर धूळ आत गेली आहे, सोडियम आणि पोटॅशियम दिसले तर कूलंट येत आहे, शिसे आणि तांबे चढलेले असतील तर बेअरिंगे उघडी पडू लागली आहेत. हा अहवाल येईपर्यंत विसार देऊ नये. विकणारा घाई करू लागला तर त्याला नमुना त्याच्यासमोरच काढू म्हणून सांगावे आणि तो कशी टाळाटाळ करतो ते पाहावे.