जन्माने मिळालेली श्रद्धा खरी असते का?

तुमचा प्रश्न असा आहे : 'ख्रिस्ती घरात जन्मलात म्हणून ख्रिस्ती झालात, मग ही श्रद्धा तुमची कशी?' मी वसईचा, तिथल्या सामवेदी ख्रिस्ती समाजातला. हाच प्रश्न विसाव्या वर्षी मलाही छळत होता, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वसई पोर्तुगीजांकडे गेली १५३४ साली. त्यानंतर आमच्या पूर्वजांपैकी कोणी धर्म बदलला, मनापासून की दडपणाखाली, हे घरात कुणालाच ठाऊक नाही. पण १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला आणि पोर्तुगीज सत्ता गेली. ज्यांचा म्हणून हा धर्म मानला जायचा ते निघून गेले, आमची माणसं मात्र तिथेच वाड्या शिंपत राहिली आणि ख्रिस्तीच राहिली. दडपण होतं असं धरलं, तरी ते उठल्यावर पुढच्या पिढ्यांना कशानं धरून ठेवलं?

मला वाटतं, आजीसारख्या बायकांनी. संध्याकाळची घंटा झाली की आजी हातातलं काम ठेवायची आणि सगळ्यांना रोझरीला, म्हणजे मण्यांच्या माळेवर म्हणायच्या प्रार्थनेला, बसवायची. तिच्या तरुणपणी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमध्ये व्हायची. तिला त्यातला शब्द कळत नसे, म्हणून मिस्साभर ती माळच ओढायची. कॅथलिक चर्चच्या १९६२ ते ६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीत आली, पण तिचा हात काही माळेवरून सुटला नाही. त्या माळेचा एक मणी हरवला होता, तिथे तिनं शर्टाचं पांढरं बटण ओवलं होतं. लहानपणी मी डोळे मिटून त्या बटणाची वाट बघायचो. ते बोटाला लागलं की चौथी दहाई, म्हणजे दहा मण्यांचा चौथा गट, संपलेली असायची आणि पुन्हा 'हे आमच्या बापा' म्हणायचं असायचं.

पुढे शिकायला पुण्याला गेलो आणि हे सगळं सुटलं. भांडण काही नव्हतं, गरज वाटत नव्हती इतकंच.

मग वाडीच्या बांधावरून बाबा आणि काका कोर्टात गेले. त्यातच बाबा आजारी पडले. त्यांच्या शेवटच्या रात्री दवाखान्याच्या बाकड्यावर मी आजीची माळ घेऊन बसलो होतो. स्वतःची अशी प्रार्थना सुचेना, तेव्हा पाठ होती तीच सुरू केली. 'हे आमच्या बापा' म्हणता म्हणता क्षमेच्या ओळीपाशी आलो आणि जीभच थांबली. आम्ही इतरांना क्षमा करतो तशी तू आम्हाला कर, असं मी हजारो वेळा घडाघडा म्हटलं होतं. त्या रात्री 'इतर' म्हणजे काका होते. बोट बटणावर आणि तोंडातून शब्द नाही. पहाटे कधीतरी ती ओळ पुरी केली. सकाळी काकांना फोन केला, ते आले, बाबांच्या पायाशी उभे राहिले.

म्हणून सांगतो, वारशानं मला शब्द दिले, अर्थ कळायच्या कितीतरी आधी. ते शब्द माझ्याकडे नसते तर त्या रात्री मला अडवायला काहीच नव्हतं. पण ओळ पुरी करणं आजी माझ्यासाठी करू शकत नव्हती.

आणि ज्यांनी धर्म स्वतः निवडला त्यांचाही वारसा कुठे सुटतो? कोकणातल्याच करजगावी १८६१ साली जन्मलेल्या कवी ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. पण तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत, आणि ख्रिस्तावर त्यांनी अभंगच रचले. जुनं घर सोडून ते रिकाम्या हातांनी आले नव्हते.

काकांशी आमचं येणंजाणं आजही बेताचंच आहे. बांधाचा तंटा मिटायचाय. रोझरी मात्र मी रोज म्हणतो, आणि त्या ओळीशी रोज एकदा त्यांचा चेहरा समोर येतो.