प्रत्येक गाठ म्हणजे कर्करोग असतो का?

नाही. पेशींच्या अनियंत्रित वाढीतून तयार झालेली गाठ म्हणजे ट्यूमर. साधी गाठ, उदाहरणार्थ त्वचेखालची चरबीची गाठ किंवा गर्भाशयातील फायब्रॉइड, आपल्या जागीच राहते. कर्करोगाच्या पेशी मात्र आजूबाजूच्या ऊतींत घुसतात आणि रक्तावाटे किंवा लसिकावाहिन्यांवाटे यकृत, फुप्फुसे, हाडे अशा दूरच्या अवयवांत पोहोचून तेथे नव्या गाठी निर्माण करू शकतात. तरीही मेंदूतील साधी गाठ कवटीतील दाब वाढवून जिवावर बेतू शकते, तर रक्ताच्या कर्करोगात बहुधा गाठच नसते. दुखत नाही म्हणून गाठीकडे दुर्लक्ष करणे मला फार चिंताजनक वाटते, कारण स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुतेकदा दुखत नाही. निदान सहसा बायोप्सीने, म्हणजे गाठीचा छोटा नमुना काढून केलेल्या तपासणीने, पक्के होते आणि तिची सोय मुंबईत परळच्या टाटा मेमोरियलप्रमाणेच महापालिकेच्या केईएम, सायन व नायर रुग्णालयांतही आहे.