मोठ्या प्रतिकृतींचे सांधे : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

खेळण्यातील जोडविटांपासून मोठ्या वास्तूंच्या प्रतिकृती उभारणाऱ्या मराठवाड्यातील वाचकांचे बरेच प्रश्न आले आहेत. त्यांपैकी सांध्यांच्या मजबुतीविषयीचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. आधी काही मापे सांगणे आवश्यक आहे, कारण पुढील उत्तरे त्यांवरच आधारलेली आहेत. लेगो पद्धतीच्या विटेवर जे गोल उंचवटे असतात त्यांना स्टड म्हणतात. शेजारच्या दोन स्टडांच्या केंद्रांमधील अंतर 8 मिमी असते. विटेची उंची 9.6 मिमी आणि प्लेटची, म्हणजे पातळ चपट्या विटेची, उंची तिच्या एक तृतीयांश, म्हणजे 3.2 मिमी असते. टेक्निक प्रकारच्या विटांना बाजूने आरपार भोके असतात व त्यांचा व्यास सुमारे 4.8 मिमी असतो.

प्रश्न : आमचा विद्यार्थ्यांचा गट दौलताबादच्या चांद मिनाराची दीड मीटरहून उंच प्रतिकृती करीत आहे. निम्म्यावर पोहोचल्यानंतर मनोरा हलू लागला आणि एकदा मधोमध तुटला. अधिक मजबूत विटा घ्याव्यात का? (छत्रपती संभाजीनगर)

विटा बदलून काहीही साधणार नाही. 2012 मध्ये ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत दोन बाय दोन स्टडची लेगो वीट यंत्राखाली दाबून पाहण्यात आली, तेव्हा ती चेपण्यासाठी 4,000 न्यूटनपेक्षा अधिक बल, म्हणजे साधारण 430 किलो वजनाइतका दाब लागला. त्या हिशेबाने विटांवर विटा रचत साडेतीन किलोमीटर उंच गेल्यावर तळाची वीट हार मानेल. आपला मनोरा तुटला तो सांध्यात. मनोरा सरळ उभा असतो तेव्हा वरचे वजन सांध्याला दाबून ठेवते आणि ते त्याच्या हिताचेच असते. परंतु मनोरा एका बाजूला कलला की दुसऱ्या बाजूचे सांधे वर खेचले जातात. स्टडची पकड आडव्या सरकण्याला उत्तम विरोध करते, मात्र ज्या दिशेने वीट बसविली त्याच दिशेने ती ओढली तर केवळ घर्षण तिला धरून ठेवते. म्हणून मोठ्या प्रतिकृतीच्या प्रत्येक सांध्याविषयी आधी एकच गोष्ट ठरवावी : तो कोणत्या दिशेने उघडतो, आणि हलताना, उचलताना किंवा धक्का लागताना त्या दिशेने ओढ येणार आहे का. येणार असेल, तर त्या जागी केवळ स्टडवर विसंबू नये.

प्रत्यक्ष उपाय पुढीलप्रमाणे करावा. मनोऱ्याच्या आतील बाजूस चार ठिकाणी एक टेक्निक वीट, तिच्यावर दोन प्लेट, त्यांवर पुन्हा टेक्निक वीट असा क्रम तळापासून वरपर्यंत ठेवावा. एक वीट आणि दोन प्लेट यांची उंची 9.6 अधिक 6.4, म्हणजे बरोबर 16 मिमी होते, आणि हे अंतर दोन स्टडांइतके आहे. त्यामुळे उभी धरलेली टेक्निक पट्टी, म्हणजे भोकांची रांग असलेली लांब पट्टी, या भोकांशी एकाआड एक भोक सोडून तंतोतंत जुळते व पिनांनी, म्हणजे भोकांत बसणाऱ्या लहान खुंट्यांनी, बांधता येते. प्लेट न घालता किंवा एकच प्लेट घालून लगतच्या विटा बांधू पाहणाऱ्यांची भोके जुळत नाहीत, मग ते पिना ठोकून बसवितात आणि विटांना कायमचा ताण देतात, हे टाळावे. अशी पट्टी बसली की मनोरा कलताना वरची वीट सुटण्यासाठी आधी पिन आडवी कापली जावी लागते, आणि ते हाताच्या बळाने होत नाही. सर्वांत लांब सरळ पट्टी 15 भोकांची, साधारण 12 सेंमी असते, म्हणून दीड मीटरसाठी अनेक पट्ट्या एकापुढे एक येतील. चारही बाजूंच्या पट्ट्या एकाच उंचीवर संपू देऊ नयेत, अन्यथा मनोरा नेमका त्याच उंचीवर पुन्हा तुटेल.

कलण्याचा ताण तळाशी सर्वांत जास्त असतो, म्हणून तळाकडील तिसऱ्या हिश्शावर अधिक विटा खर्च कराव्यात. बाजारात मिळणारी पातळ बेसप्लेट तळ म्हणून पुरेशी नाही : ती वाकते, वाकली की तिच्यावरचे स्टड एकेक करून सुटत जातात, आणि खालच्या बाजूने तिला काहीही जोडता येत नाही. साध्या प्लेटांचे तीन थर, प्रत्येक थर खालच्या थराला आडवा घालून, प्लायवूडच्या फळीवर ठेवावेत आणि उभ्या पट्ट्या त्या थरांत गुंतलेल्या टेक्निक विटांना पिनांनी बांधाव्यात.

प्रश्न : शाळेच्या प्रदर्शनासाठी जुन्या माळवदाच्या घराची प्रतिकृती केली आहे. भिंत दोन स्टड जाडीची आहे, तरीही टेबलाला धक्का लागला की भिंतीचा बाहेरचा पदर फुगून सुटतो. जाड भिंत कमकुवत कशी? (लातूर)

हा प्रश्न लातूरहून यावा याला अर्थ आहे, आणि त्याचे उत्तर विद्यार्थ्यांना सविस्तर सांगितले जावे अशी माझी मनापासून इच्छा आहे. आपली भिंत दोन स्टड जाडीची दिसते. परंतु ती एक स्टड जाडीच्या दोन स्वतंत्र भिंती शेजारी उभ्या करून झालेली असावी. दोन्ही पदरांना जोडणारे आतून काहीही नसेल तर धक्क्याने ते एकमेकांपासून दूर जातात आणि प्रत्येक पदर एकटा पडतो.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यात हजारो माणसे दगावली, त्यामागे घरांच्या बांधणीतील हा दोष मोठ्या प्रमाणावर होता. मातीच्या गाऱ्यात रचलेल्या जाड दगडी भिंतींना आतला आणि बाहेरचा असे दोन पदर होते, मधे भराव होता, पण भिंतीच्या पूर्ण जाडीतून जाणारे आरपार दगड नव्हते. जमीन हलताच पदर फुटले, आणि वरच्या माळवदाच्या मातीचे प्रचंड ओझे खाली आले. अशा कमी मजबुतीच्या बांधकामांसाठी असलेल्या भारतीय मानक 13828 मध्ये आरपार दगड उंचीत दर 600 मिमीला आणि लांबीत जास्तीत जास्त 1.2 मीटर अंतरावर घालण्यास सांगितले आहे. शिवाय दारे-खिडक्यांच्या माथ्यावरून सर्व भिंतींना बांधणारा सलग पट्टा असावा असेही म्हटले आहे.

प्रतिकृतीत हेच करावे. दर तिसऱ्या थरात, प्रत्येक सहा ते आठ स्टडांवर, दोन बाय दोनची किंवा दोन बाय चारची वीट अशी घालावी की ती दोन्ही पदरांच्या स्टडांवर बसेल. खिडक्यांच्या माथ्यावर दोन स्टड रुंद प्लेटांचा पट्टा सर्व बाजूंनी फिरवावा, तोही दोन थरांचा, म्हणजे एका थरातील प्लेटांचे टोक दुसऱ्या थरातील प्लेटेच्या मधोमध येईल. कोपऱ्यावर दोन भिंतींच्या विटा थराथराला आलटून पालटून एकमेकींवर गेल्या पाहिजेत. कोपऱ्यात उभा सांधा सलग राहिला तर पट्टा असूनही भिंत तेथून उघडेल. शक्य असल्यास एक भिंत मुद्दाम आरपार विटांशिवाय करून दुसरीच्या शेजारी ठेवावी आणि मुलांना टेबल हलवू द्यावे.

प्रश्न : गोदावरीवरील पुलाची 1.2 मीटर अंतराची प्रतिकृती मधोमध चार बोटे झुकते. खाली आणखी प्लेटा लावल्या तरी फरक पडत नाही. (नांदेड)

प्लेटा लावल्याने वजन वाढले, खोली, म्हणजे पुलाची वरपासून खालपर्यंतची उंची, फारशी वाढली नाही. भरीव तुळईची खोली दुप्पट केली की तिचा ताठपणा आठपट होतो, रुंदी दुप्पट केली तर केवळ दुप्पट. म्हणून सामग्री नेहमी उभ्या दिशेने खर्च करावी. इतक्या अंतरासाठी पुलाच्या दोन्ही बाजूंना 10 ते 12 सेंमी खोलीची त्रिकोणी जाळी करणे योग्य ठरेल. चौकोन एका पिनेभोवती फिरून तिरका होतो, त्रिकोण होत नाही. काटकोन त्रिकोणासाठी 6, 8 आणि 10 ही लांबी घ्यावी, मात्र ती भोकांच्या संख्येने न मोजता भोकांमधील अंतरांनी मोजावी : म्हणजे पट्ट्या अनुक्रमे 7, 9 आणि 11 भोकांच्या लागतात. या मोजणीतली चूक अतिशय सर्रास होते, आणि मग तिरकी पट्टी वाकवून बसविली जाते.

जाळीची खालची कड ओढली जाते आणि वरची दाबली जाते. खालच्या कडेत स्टडचा एकही सांधा भार वाहणारा असू नये. पट्ट्या एकमेकींवर किमान तीन भोके चढवून प्रत्येक सांध्यात दोन घट्ट पिना घालाव्यात. घट्ट पिना बहुधा काळ्या किंवा निळ्या असतात. करड्या रंगाच्या सैल पिना फिरणाऱ्या भागांसाठी असतात. प्रत्येक पिनेत थोडीशी ढिलाई असतेच, आणि दहा-बारा सांध्यांची ढिलाई एकत्र आली की ती मधोमध दिसते, म्हणून जाळी रचतानाच मध्यभागी काही मिमी वर उचललेली ठेवावी.

प्रश्न : बीबी का मकबऱ्याच्या प्रतिकृतीत कमानींचे नक्षीदार फलक स्टड बाहेरच्या बाजूला येतील असे आडवे बसविले आहेत. ते काही दिवसांनी खाली ओघळतात. (जालना)

फलकाचे वजन बाजूच्या स्टडांवर टांगले गेले आहे. फलकाच्या खालच्या कडेला एक स्टड रुंदीची पायरी द्यावी, म्हणजे वजन पायरीवर जाईल आणि बाजूच्या स्टडांना फलक बाहेर पडू न देणे एवढेच काम उरेल. फलक वर किंवा खाली अर्धवट जुळत असेल तर पाच प्लेटांची उंची दोन स्टडांइतकी असते हे लक्षात ठेवून बाजूला स्टड असलेल्या विटांमधील अंतर पाच प्लेटांच्या पटीत ठेवावे.

प्रश्न : प्रतिकृती चार भागांत करून जीपमधून प्रदर्शनाला न्यायची आहे. भाग जोडताना आठ पिनांपैकी दोन-तीन जुळतच नाहीत, आणि जोडल्यावर वेगळे करताना कडेच्या विटा निघून येतात. (बीड)

आठ पिना हेच येथे दुखणे आहे. मोठ्या भागात प्रत्येक विटेची सूक्ष्म ढिलाई साठत जाते, त्यामुळे दूरदूरच्या आठ ठिकाणी भोके एकाच वेळी जुळणे अवघड असते. लेगो कंपनीच्या 2007 पासूनच्या जोडइमारतींच्या मालिकेत शेजारच्या इमारती तळाजवळच्या टेक्निक विटांतील मोजक्या पिनांनी जोडल्या जातात, आणि ते पुरते, कारण प्रत्येक इमारत स्वतःच्या तळावर उभी असते. आपणही भागांची जागा निश्चित करण्याचे काम आणि वजन वाहण्याचे काम वेगळे ठेवावे. प्रत्येक भाग स्वतंत्र प्लायवूड फळीवर पूर्ण वजनानिशी उभा राहिला पाहिजे. दोन भागांमधील सांध्याने फक्त त्यांना एकमेकांपासून सरकू देऊ नये.

वेगळे करण्यासाठी पिनांऐवजी लांब एक्सल, म्हणजे भोकांतून आरपार जाणारा दांडा, वापरावा, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. दोन्ही भागांच्या कडेला टेक्निक विटांची दाते अशी ठेवावीत की एका भागाचे दात दुसऱ्याच्या खाचांत बसतील आणि सर्व भोके एका रेषेत येतील. मग जुन्या वाड्याच्या दाराला अडसर सरकवावा तसा एक्सल बाजूने आरपार घालावा. एक्सल 32 स्टड लांबीपर्यंत मिळतात. टोकांना बुश, म्हणजे एक्सलवर घट्ट बसणारी लहान कडी, लावावेत म्हणजे प्रवासातील हादऱ्यांनी एक्सल बाहेर सरकणार नाही. वेगळे करताना एक्सल ओढून काढला की भाग मोकळे होतात आणि कोणत्याही विटेला वर खेचावे लागत नाही. भाग उचलताना मात्र हात नेहमी फळीखाली असावेत. विटांना धरून उचललेला भाग एक दिवस हातात अर्धाच राहतो.

प्रश्न : खर्च वाचविण्यासाठी दोन-तीन कंपन्यांच्या विटा मिसळल्या तर चालतील का? (हिंगोली)

भराव आणि दर्शनी भागात चालतील, भार वाहणाऱ्या सांध्यांत नाही. पकड मिलिमीटरच्या काही शतांशांवर ठरते. मिसळलेल्या विटांत काही सैल बसतात, काही इतक्या घट्ट की शेजारची वीट उचलली जाते. सांगाडा एकाच बनावटीचा ठेवावा.

प्रश्न : मागच्या उन्हाळ्यात खिडकीजवळ ठेवलेली एक मीटर लांबीची प्रतिकृती बाकदार झाली. आतून लोखंडी सळई होती. आता सर्व विटा गोंदाने चिकटवाव्यात का? (परभणी)

विटा एबीएस प्लास्टिकच्या असतात. ते मऊ होण्यासाठी साधारण 100 अंश तापमान लागते, त्यामुळे परभणीच्या उन्हाने वीट वितळणार नाही. तापमान वाढले की एक मीटर एबीएस प्रत्येक अंशाला सुमारे 0.08 ते 0.1 मिमी वाढते. सकाळच्या 22 अंशांवरून दुपारच्या 42 अंशांपर्यंत जाताना ही वाढ जवळजवळ 2 मिमी होते. त्याच वेळी लोखंडी सळई जेमतेम पाव मिमी वाढते. आपण सळईची दोन्ही टोके नटांनी आवळून ठेवली असतील तर विटांना लांब होण्यास जागाच उरली नाही, आणि त्या बाजूला वाकल्या. दिवसेंदिवस ताणाखाली आणि उष्णतेत राहिलेले प्लास्टिक त्याच आकारात स्थिरावते, म्हणून गारव्यातही बाक गेला नाही.

सळई ठेवावी, 4 मिमी व्यासाची आटे असलेली सळई टेक्निक भोकांतून सहज जाते. एक टोक घट्ट करावे आणि दुसऱ्या टोकाला नटाआधी तीन मिमी मोकळी जागा किंवा मऊ रबरी वॉशर ठेवावा. प्रतिकृती थेट उन्हापासून दूर ठेवावी, आणि धुताना पाणी 40 अंशांपेक्षा गरम नसावे.

गोंदाविषयी माझे मत ठाम आहे. लेगोलँडसारख्या उद्यानांतील मोठी शिल्पे चिकटविलेली असतात आणि आतून लोखंडी सांगाड्यावर उभी असतात, कारण ती उघड्यावर राहतात व लोक त्यांना हात लावतात. आपली प्रतिकृती घरात असेल तर चिकटवू नये : चुकीच्या रचनेचा सांधा गोंदाने काही काळ लपतो, दुरुस्त होत नाही, आणि विटा कायमच्या अडकतात. सार्वजनिक ठिकाणी कायम ठेवण्याची असेल तर प्रथम गोंदाशिवाय उभी करून आठवडाभर हलवून पाहावी, सुटणारे सांधे आतून बदलावेत, आणि मगच हवेशीर जागेत चिकटवावी. झटपट चिकटणारा गोंद ठिसूळ होतो व रंगीत विटांवर पांढुरका थर सोडतो. अॅसिटोन तर एबीएसला विरघळवितो, म्हणून सांडलेला गोंद पुसण्यासाठी त्याचा बोळा विटांजवळ नेऊ नये.